कोंबडीच टोचली, म्हणली सोजरमावशी

चहा नाकातून आला.

मावशीनं बशीतून घोट घेतला, मला वाटलं गिळला, आन् तोच घोट तिच्या नाकातून खाली आला, लुगड्यावर सांडला, आन् ती माझ्याकडं नुसती बघून राह्यली. मी म्हणलं, "मावशे, ठसका लागला का?" ती काही तरी बोलली पण मला एक शब्द कळंना, तोंडात घास धरून बोलावं तसं गुळमुळीत. मंग ती बशी खाली ठेवायला गेली तर बशी हातातून सुटून फुटली. माझ्या कडेवर आरू, दीड वर्षाची, ती खिदळली बशी फुटली म्हणून. मी पळाले. कॅनॉलच्या कच्च्या रस्त्यानं अर्ध्यात गेले आन् परत फिरले, मावशी एकलीच राह्यली म्हणून, येऊन बघते तर ती भितीला टेकलेली, मान एका अंगाला, परत पळाले. बोलवावं कोणाला? गडीमाणसं फवारणीला गेल्ती, आमचे हे अंकुशनगरला कारखान्यावर, फोन घरी चार्जिंगला. कॅनॉलवर आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, धुणं धुऊन राह्यल्या होत्या. मी लांबूनच वरडले, "आत्याबाई, सोजरमावशीला काही तरी झालं! गाडी बघा! जल्दी!"

आत्याबाईंनी हातातलं धुणं बी खाली ठेवलं न्हाई. म्हणल्या, "आज काय झालं गं बाई?"

त्या अशा का म्हणल्या ते सांगायचं तर मावशी कोण होती तिथून सांगावं लागंल.

सोजरमावशी माझी सख्खी मावशी न्हाई. माझ्या मायचं माहेर जांबचं, हिचं बी जांबचं, एकाच गल्लीतल्या पोरी, एवढंच नातं. पण मी लग्न होऊन वडीगोद्रीच्या पुढं ह्या वस्तीवर आले, चार घरं आन् सगळीकडं कापूस, तवा दुसऱ्याच दिवशी ही बाई दारात येऊन उभी राह्यली, पदर कमरेला खोचलेला, तुरीच्या काडीवाणी उंच आन् वाळकी, आन् आत्याबाईला म्हणली, "ही आमच्या गावच्या पोरीची पोरगी. म्हणजे माझी भाची. हिला काही बोलायचं असलं तर पहिलं मला विचारायचं."

आत्याबाई म्हणल्या, "तिला बोलायचं ते तिला बोलीन, तुला बोलायचं ते तुला बोलीन. दोघींना पुरंल एवढं हाय माझ्याकडं."

दोघी हसल्या. मी घाबरून पाणी सांडलं. मी तशीच हाय. मायच्या घरी बी मला पाल दिसली तरी माझा जीव जायचा, आठवीत शाळा सुटली ती बी रस्त्यातल्या कुत्र्यांच्या भ्यानंच, माय सोबतीला यायची तवर गेले.

मावशीचा नवरा जाऊन लई वर्षं झाल्ती. पोरगा उसाच्या ट्रॉलीवर, हंगामाला इकडं तिकडं, कधी आला तर आला. घरात ती, एक शेळी आन् कोंबड्या. गावरान कोंबड्या, किती ते तिनं कधी कोणाला सांगितलं न्हाई, मोजल्या की नजर लागती म्हणायची. पण प्रत्येकीला नाव होतं आन् नावं सगळी वस्तीवरच्या बायांची. जी कोंबडी सारखी कुरकुर करती, तिचं नाव आत्याबाईंच्या नावावर, गयाबाई. दाणे टाकताना मोठ्यानं हाक मारायची, "ये गया, ये, खाऊन घे, मंग कर कुरकुर!" इकडून आत्याबाई भांडी घासता घासता वरडायच्या, "सोजरे, तुझी गया उद्या माझ्या चुलीवर शिजंल बघ!" आन् मावशी म्हणायची, "शिजायची न्हाई गं, लई चिवट हाय."

तिचे हात बघितले की पालथ्या बाजूला सगळे डागच डाग, काही जुने पांढरे, काही खपली धरलेले. ते सगळे कोंबड्यांनी टोचलेले. कारण मावशीचा सगळा जीव खुडूक कोंबडीत. अंडी देता देता कोंबडी एक दिवस देणं बंद करती, पंख फुगवून एका जागी बसती, खात न्हाई पीत न्हाई, कोणी जवळ गेलं की खुर्र करून टोचती, ती खुडूक. तिला उबवायचंय, पिलं काढायचीत. आमच्याकडं लोकांना ते परवडत न्हाई, अंडी बंद होत्यात ना. मंग खुडूक मोडायला कोणी तिला पाण्यात बुचकळतं, कोणी तिचंच एक पीस काढून तिच्या नाकातून आरपार ओवतं. ते पीस काढायला कोंबडी दिवसभर मान झटकत फिरती आन् बसायचं विसरून जाती.

आत्याबाईंनी एकदा तसं करायला घेतलं. कोंबडी मांडीत दाबून धरलेली, पीस हातात. मावशी कुठून आली काय माहीत, आली आन् कोंबडी उपसून काखेत घातली.

"सोजरे, माझी कोंबडी हाय ती!"

"तुला अंडी पायजेत ना? थांब." घरी गेली, आपली एक चांगली अंड्यावरची कोंबडी आणून आत्याबाईंच्या पुढ्यात सोडली. "ही घे. हिला मी बसवते. पिलं निघाली की बटईनं, निम्मी तुझी."

"आन् न्हाई निघाली तर?"

"तर नाक तर वाचलं तिचं."

वस्तीवर पुष्कळ घरी कोंबड्या आल्या त्या अशाच बटईनं, मावशीकडून. नवी सून आली की मावशी तिला एक खुडूक कोंबडी बसवून द्यायची. म्हणायची, सगळं सासरचं असतं, एवढं तरी हिचं आपलं असू दे. मला बी दिली.

बसवायची तिची रीत होती. टोपल्यात खाली माती, तिच्यावर भुस्कट, मधी हातानं खळगा. अंडी ताजी, लई लहान न्हाई, लई मोठी न्हाई. आन् कडंला एक लोखंडाचा तुकडा, मोडका खिळा, विळ्याचं टोक, काही बी. वीज कडाडली की अंडी नासत्यात, लोखंड असलं की न्हाई नासत, हे तिचं म्हणणं. खरं खोटं मला माहीत न्हाई. पण एवढं केलं की मंग ती काहीच करायची न्हाई. तेच तिचं मोठं काम, काही न करणं. दिवसातून एकदा पहाटं कोंबडी उठली तर दाणे आन् पाणी. अंडी फिरवायची न्हाई, ती तिची फिरवती. उजेडाला धरून बघायची न्हाई. फक्त हात घालायचा. अंधारातच, डोळे मिटून, कोंबडीच्या पोटाखाली हात घालायची आन् अंडी चाचपायची, कोणतं गार लागतंय ते काढून टाकायची. कोंबडी टोचायची, मावशी म्हणायची, "टोच बाई, टोच, तुझा हक्कच हाय."

कोंबडी बसलेली असली की मावशीचं घर म्हणजे शाळा. मोठ्यानं बोलायचं न्हाई, दार आपटायचं न्हाई. एकदा पलीकडच्या वस्तीतली वरात चालली, ट्रॅक्टरवर डीजे, घरातली भांडी खळखळ हालून राह्यलेली. मावशी रस्त्याच्या मधी जाऊन उभी राह्यली, दोन्ही हात कमरेवर. ट्रॅक्टर थांबला, पोरं वरडायला लागली, "ए आज्जी, बाजूला हो!" ती सरळ घोड्यावरच्या नवरदेवाकडं गेली. म्हणली, "बाबा, तुला पोरं होतील, चांगली होतील. पण माझ्या दारात बी एक बाई पोरं काढून राह्यली. तेवढं घर ओलांडूस्तोवर बंद ठेव." नवरदेवाला काही कळलं न्हाई, त्याला वाटलं आत कोणी बाळंतीण हाय. त्यानं हात जोडले आन् डीजे बंद. सगळी वरात मावशीच्या घरावरून चपलांचा आवाज करत गेली. कोपऱ्यावर गेल्यावर एका पोरानं मला विचारलं, "वैनी, पोरगा झाला का पोरगी?" मी म्हणलं, "कोंबडी हाय." तो अजून बी मला रस्त्यात दिसला की कोंबडीवाली म्हणून हसतो.

आरू झाली तवा माझे लई वाईट हाल होते. पोरगी दूध वढत नव्हती, मी रात्रंदिवस तिच्या नाकाला बोट लावून बसायची, श्वास चालू हाय का बघायला. बाया यायच्या, एक म्हणायची हे खा, दुसरी म्हणायची ते खाऊ नको, एक म्हणली पोरीला नजर हाय, एक म्हणली आईलाच दूध न्हाई. मी रडून रडून कोरडी झाले. मावशी आली. मला आन् आरूला घेऊन गेली आन् तिच्या घरात टोपल्यासमोर पोतं टाकून बसवलं. टोपल्यात कोंबडी. म्हणली, "हिच्याकडं बघ."

मी बघितलं. दुपार सरली. कोंबडी काहीच करत नव्हती. डोळे अर्धे मिटायची, परत उघडायची. मी विचारलं, "मावशे, काय बघू?"

"ती काय करती?"

"काहीच न्हाई. बसली."

"तेच बघ."

पोरगी माझ्या मांडीवर कधी लागली दुधाला ते मला कळलं बी न्हाई.

मला हे सांगताना लाज वाटती पण खरं हाय, मी कोंबडीकडून शिकले. पिलं निघाली की ती त्यान्ला घेऊन अंगणात यायची, एक दाणा उचलायची, खाली टाकायची, परत उचलायची, टुक टुक करून. पिलं बघायची आन् उचलायची. वरून घारीची सावली गेली की ती एकच आवाज काढायची, घशातून, बारीक, आन् सगळी पिलं पंखाखाली गडप, नुसती चोची बाहेर. गाडीवर रंगीत पिलं विकायला येत्यात ना, मशीनची, ती बी एकदा आत्याबाईंनी घेतल्ती. घार आली तर ती वर तोंड करून बघत उभी. मावशीला हसू आलं न्हाई. म्हणली, "त्यान्ला सांगायला कोणी नव्हतं गं." आन् मंग पिलं मोठी झाली की एक दिवस कोंबडी त्यान्लाच टोचून हाकलायची. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मावशी म्हणली, "आता मोकळी झाली ती. हाकललं न्हाई तर पोरं शिकत न्हाईत, आन् माय बी वाचत न्हाई."

तिचं एक वाक्य होतं, तिचं ती बघंल. कोंबडी उठंना, तिचं ती बघंल. पिलू कवचातून निघंना, आपण हात लावायचा न्हाई, त्याचं ते बघंल. पोरगा पोळ्याला आला न्हाई, त्याचं तो बघंल. पण माझ्याबाबतीत कधी म्हणली न्हाई. माझं ती बघायची.

आता ते आत्याबाईंचं सांगते. गेल्या उन्हाळ्याच्या आधी माझ्या कानातल्याची फिरकी सापडंना. आरू खाली बसून काही तरी चघळून राह्यली होती. मी तोंडात बोट घातलं, काही न्हाई. झालं, माझं डोकं फिरलं, पोरीनं फिरकी गिळली. मी छाती पिटत बाहेर आले, सगळी वस्ती गोळा, पिकअप काढला, अंबडला. आरू रडून रडून निळी, ती फक्त मावशीपाशी गप व्हायची, म्हणून मावशीला बी गाडीत घेतलं. मावशी एकदाच म्हणली, "पोरी, माझी कोंबडी आज पिलं काढून राह्यली गं." मी तिचा हात सोडला न्हाई. ती बसली. दवाखान्यात फोटो काढला, पोटात काही न्हाई. परत येताना पिकअपमधी माझ्याच अंबाड्यातून फिरकी निघाली. सगळे हसले, डायवर बी हसला.

घरी आलो तर मावशीच्या घरात टोपलं पालथं, पिसं सगळीकडं. मुंगूस येऊन गेल्तं. कोंबडी न्हाई, पिलं न्हाई, भुस्कटात एक ओलं कवच. मी दारातच उभी. मावशीनं वाकून पिसं गोळा केली, पदरात घेतली. मला म्हणली, "पोरीला दूध पाज, लांबून आली." एक शब्द बोलली न्हाई मला, तेव्हा बी न्हाई, नंतर बी न्हाई. पण वस्तीनं सोडलं न्हाई. मला अॅम्ब्युलन्सबाई म्हणायला लागले. माझं पाऊल बाहेर पडलं की कोणी तरी म्हणायचं, सायरन वाजला का? आत्याबाई म्हणायच्या, "आमच्या सुनंचं काळीज उंदराचं हाय." आमचे हे बी म्हणले, "शीतल, पहिलं थोडं थांबत जा, मंग वरडत जा." मी ठरवलं थांबायचं. आन् मावशीनं बी एक ठरवलं होतं, सगळ्यांना सांगून टाकलं होतं, "पिलं निघायच्या दिवशी मी दार सोडणार न्हाई. देव आला न्यायला तरी उद्या ये म्हणीन."

ह्या भादव्यात तिची काळी कोंबडी गायब झाली. मावशीनं लई शोधली. मंग सापडली अंगणातल्या कापसाच्या पऱ्हाट्यांच्या ढिगात, गेल्या वर्षीचं जळतण, वरून पत्रा टाकलेला. आत बोगद्यासारखी जागा करून चोरून अंडी दिलती आन् खुडूक बसल्ती. मावशीनं तिचं नाव चोरटी ठेवलं.

मी म्हणलं, "मावशे, तिला उचलून टोपल्यात ठेव ना. पावसाळ्याचे दिवस, ढिगात काय काय असतं."

"हलवली तर उठंल. मंग बसायची न्हाई. तिनं जागा बघितली, तिला कळतं."

"इच्चू असतो, साप असतो."

"आन् मुंगूस घरात असतं," मावशी म्हणली. लगेच माझ्या तोंडाकडं बघून तिला वाईट वाटलं, माझ्या पाठीवर हात ठेवला. "तुला न्हाई म्हणलं गं."

वीज कडाडायची म्हणून तिनं विळ्याचं टोक ढिगात हात घालून अंड्यांपाशी ठेवलं. रोज पहाटं जायची, बाहेर दाणे टाकायची, चोरटी उठून यायची, न्हाई आली तर हात घालायची. तीन आठवडे होत आल्ते.

त्या दिवशी पहाटं माझ्या दारावर तिची थाप पडली. अजून तांबडं फुटायचं होतं. मी घाबरून उठले. तर ती हसून राह्यली, दात न्हाईत तरी तोंडभर. "शितले, चल, आरूला घे. अंडी बोलून राह्यलीत."

मी आरूला उचलून गेले. ढिगाला कान लावला. खरंच. कवचाच्या आतून बारीक चिव चिव, आन् वरून चोरटी घशातल्या घशात त्यान्ला उत्तर देऊन राह्यली. आरूनं तोंडात मूठ घातली आन् ऐकून राह्यली. मावशी ढिगाजवळ खाली बसली, डोळे मिटले आन् बोगद्यात हात घातला, कोपरापर्यंत.

"टोचली गं बाई," म्हणली आन् हात बाहेर काढला. हसलीच.

मी तो हात बघितला. करंगळीच्या खाली दोन ठिपके, टाचणी लागल्यासारखे, जवळजवळ. रक्त म्हणावं तर न्हाईच. मला कोंबडीचं टोचणं माहीत होतं, मला बी टोचलंय, कातडी वढती, निळं पडतं, झोंबतं. मी म्हणलं, "मावशे, हे कोंबडीचं न्हाई वाटत. दुखतंय का?"

"काही न्हाई."

"तेच म्हणते मी. कोंबडी टोचली तर दुखतं."

"मला सवय झाली."

"मावशे, दवाखान्यात जाऊ. आत्ता. ह्यान्ला उठवते."

ती माझ्याकडं बघून म्हणली, "पोरी, आत साप असता तर ही बसली असती का? जीव घेऊन वरडत बाहेर आली असती. बघ की."

मी बघितलं. चोरटी तशीच बसल्ती, डोळे अर्धे मिटलेले, पंखाखाली चिव चिव चालू. तिच्या त्या बोलण्याला काय उत्तर होतं, अजून बी मला कोणी तरी सांगावं. आयुष्यभर कोंबड्या बसवलेली बाई सांगती, आन् कोंबडी बी तेच सांगती, आन् मी कोण? मी अॅम्ब्युलन्सबाई. मी परत म्हणलं, "नुसतं दाखवून येऊ." तिनं माझा हात धरला आन् हळू आवाजात म्हणली, कोंबडीला ऐकू जाऊ नये म्हणून, "आज न्हाई. आजच्या दिवस राहू दे मला हितं. उद्या तू म्हणशील त्या दवाखान्यात येते, चल म्हणलं की चल."

तिनं माझ्याकडं कधी काही मागितलं नव्हतं.

मी घरी आले. आत्याबाईंना सांगितलं, "मावशीला काही तरी चावलं मला वाटतं." त्या चूल पेटवून राह्यल्या होत्या. म्हणल्या, "कोंबडीच्या ढिगात हात घातल्यावर कोंबडीच चावंल. झालं का सुरू?" आमचे हे डब्याची वाट बघून राह्यले होते. मी भाकरी थापायला बसले. पहिली भाकरी करपली, दुसरी फाटली. उन्हं वर आली, हे गेले, गडी गेले. मी चहा केला आन् आरूला घेऊन मावशीकडं गेले. भितीला टेकून बसल्ती, ढिगाकडं तोंड करून. म्हणली, "पोटात कळ येऊन राह्यली, रातच्या वांग्यानं असंल." पापण्या जड दिसत होत्या, मला वाटलं पहाटंची उठली, झोप आली. बशीत चहा वतून दिला.

तो नाकातून आला.

मंग ते सगळं झालं, मी पळाले, आत्याबाईंनी विचारलं आज काय झालं. पण मी काही बोलायच्या आधीच त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं असंल, कारण धुणं तिथंच पाण्यात सोडलं, एक लुगडं वाहत गेलं, त्या तशाच वल्या अंगानं पळत सुटल्या, माझ्या म्होरं. मी रस्त्यावर जाऊन मधीच उभी राह्यले, मोसंबीचा एक पिकअप थांबवला. डायवर चांगला माणूस, उतरून पळत आला. आत्याबाई तोवर मावशीचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या आन् शिव्या देऊन राह्यल्या होत्या, "सोजरे, डोळे उघड, रांडे, उघड म्हणते ना, तुझी गया हाय हितं!" आन् रडून राह्यल्या होत्या. मी त्यान्ला रडताना कधी बघितलं नव्हतं.

डॉक्टर नंतर म्हणले, मण्यार. चावलेली कळत न्हाई, दुखत न्हाई, म्हणून लोक उशिरा येत्यात. अंबडहून जालन्याला पाठवलं, तिथं त्यांनी लई केलं, नळी घातली, पण श्वास थांबला तो थांबला. पहाटंच आणलं असतं तर, म्हणले. गड्यांनी दुसऱ्या दिवशी काठ्यांनी ढीग उपसला. एकदम बुडाला, मातीला लागून, काळी, अंगावर पांढरे पट्टे. वर कोंबडी, खाली ती. एकमेकीला काही केलं न्हाई.

पण माझ्या डोळ्यापुढं ते येत न्हाई. येतं ते दुसरंच.

मावशीला उचलून पिकअपमधी घालताना, डायवरनं पाय धरले, आत्याबाईंनी खांदे, तवाच ढिगातून चोरटी बाहेर आली. माणसांचा एवढा गोंधळ आन् ती शांत बाहेर आली, अंग झटकलं, आन् तिच्या मागं एक एक करून वली, डुगडुगती पिलं. मी वरडले, "मावशे, निघाली!" मावशीचे डोळे उघडत नव्हते. पापण्या पडल्याच होत्या. तिनं हात वर केला, लई हळू, पाण्यातून वर यावा तसा, आन् दोन बोटांनी आपलीच एक पापणी वर धरली. आन् बघितलं. तोंड हसत नव्हतं, तोंडाला ताकदच नव्हती, पण ती बघून राह्यली, पिलांकडं, मंग माझ्याकडं. मी गाडीत चढायला गेले तर तिनं दुसरा हात हालवला, खाली, खाली, तू राहा. आत्याबाई म्हणल्या, "तू पोरगी सांभाळ, मी हाय." गाडी कॅनॉलच्या रस्त्यानं गेली आन् ती जाईस्तोवर मावशीनं पापणी सोडली न्हाई, मला दिसत होतं.

ती चोरटीला बघून राह्यली होती का मला, हे मला कळत न्हाई. आन् कळलं तरी काय.

आत्याबाई आता मला टाकून बोलत न्हाईत. कोणीच अॅम्ब्युलन्सबाई म्हणत न्हाई. त्याचा मला जास्त त्रास होतो. मी थांबले, सगळ्यांनी सांगितलं होतं तशी थांबले, एकदाच. माझी पोरगी कडेवर, कोंबडी शांत बसलेली, अंडी बोलून राह्यलेली, आन् जिनं मला जगवलं ती बाई माझा हात धरून म्हणती आजचा दिवस राहू दे. मी तिला फरफटत न्यायचं होतं का? तुम्ही असते तिथं, तर तुम्ही काय केलं असतं?